सहा नंबरचा फोटो

हेमचंद्र गद्र्यांना व्यसन म्हणून कुठलंच नव्हतं, आणि कांचनताईंची खरी पंचाईत तिथेच होती. नवरा पीत असता, रात्र रात्र पत्ते कुटत असता, तर चारचौघींत बसून तक्रार तरी करता आली असती. पण नवरा रविवार आला की पोलाद कारखान्याच्या कुंपणाशी जाऊन शंटिंगच्या म्हाताऱ्या डिझेल इंजिनांचे फोटो काढतो, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

पेनसिल्व्हेनियातल्या कोल्टन गावात नदीकाठाने तीन मैल पसरलेला तो कारखाना. गद्रे तिथे सहासष्ट सालापासून मेटलर्जिस्ट होते. कारखान्याच्या पोटात त्याची स्वतःची रेल्वे होती. भंगार, कोळसा, वितळलेल्या लोखंडाच्या बादल्या इकडून तिकडे ओढायला चौदा इंजिनं होती. बुटकी, चौकोनी, तेलकट. दिवसभर ढकलाढकली करायची आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच परत यायचं, असं त्यांचं आयुष्य. शहाण्या माणसाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. गद्रे मात्र त्यांना नंबराने ओळखायचे आणि घरी जेवताना त्यांची खुशाली सांगायचे.

"अकरा नंबर आज खोकत होतं."

"मग आल्याचा चहा द्या," कांचनताई म्हणायच्या आणि आमटी वाढायच्या.

आत कॅमेरा न्यायला सक्त बंदी होती. त्यामुळे गद्र्यांनी एकेक इंजिन बाहेरूनच टिपलं होतं: कुंपणाच्या भोकातून, नदीवरच्या पुलावरून, आणि चौथं व नववं तर टेकडीवरच्या दफनभूमीतून. एकदा तिथे कुणाची तरी अंत्ययात्रा आली, तेव्हा हे गृहस्थ कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून शेवटपर्यंत उभे राहिले आणि विधवेशी हात मिळवून आले. अशी तेरा झाली होती. राहिलं होतं फक्त सहा नंबर.

सहा नंबर सगळ्यांत जुनं. क्रँकशाफ्ट मोडल्यापासून चार वर्षं ते इंजिनशेडच्या अगदी आतल्या रुळावर अंधारात उभं होतं. चालत होतं तेव्हाही ते आतल्या भट्ट्यांकडेच फिरायचं, आता तर बाहेरून दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि गद्र्यांचा जीव अडकला होता तो नेमका त्याच्यातच. त्याला कारणही होतं. अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात, मुंबईला शिवलेला कोट घालून, प्रयोगशाळेतून भट्टीकडे जाताना गद्रे बर्फाच्या वादळात वाट चुकले होते. समोरचा हात दिसत नव्हता. तेव्हा हे इंजिन घंटा वाजवत आलं, थांबलं, आणि वरून एका लांबरुंद माणसाने त्यांना दंडाला धरून आत ओढलं. तो स्टीव्ह हुदाक, सहा नंबरचा ड्रायव्हर. केबिनमध्ये हीटर होता. गद्र्यांनी डब्यातली अर्धी पोळी आणि लसणाची चटणी त्याला दिली, स्टीव्हने डोळे पुसत पुसत ती संपवली आणि उद्या परत आण म्हणाला. त्या परक्या देशात गद्र्यांना पहिली ऊब मिळाली ती त्या केबिनमध्ये. पहिला मित्रही तिथेच मिळाला. असं इंजिन माणूस विसरत नाही.

आता १९८५ चा ऑक्टोबर होता आणि कारखाना मेला होता. भट्ट्या वसंतातच थंड झाल्या होत्या. आवराआवरीसाठी ठेवलेल्या शेवटच्या चाळीस माणसांत गद्रे होते, तेही महिनाअखेरपर्यंत. न्यू जर्सीत नोकरी मिळाली होती. दिवाळी झाली की सामान हलवायचं. तिथल्या आयसेलिनला दोन-चार देशी दुकानं निघाल्याचं ऐकून कांचनताई खूश होत्या, आणि गद्रे दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

अशात एका संध्याकाळी स्टीव्हचा फोन आला.

"हेम, उद्या बाराला सहा नंबर शेडबाहेर काढतायत. तीनला कापायला घेणार. भंगारवाल्याची माणसं आलीत."

गद्रे खाली बसले. मग उठले. सुपरिंटेंडेंटला घरी फोन केला. एकोणीस वर्षांत दहा वेळा नाही म्हणालेला तो माणूस या खेपेला म्हणाला, "काढा हो फोटो. लपवण्यासारखं आता उरलंय काय? गेटवर पास ठेवतो. बारा ते तीन."

त्या रात्री गद्र्यांनी कॅमेरा काढला. लेन्स फुंकून, मऊ फडक्याने पुसली. स्लाइडचा नवा रोल भरला. पट्टासुद्धा ओल्या कपड्याने पुसला. सकाळी सहाला कामावर जायचं होतं आणि पास बाराशिवाय लागू नव्हता, तेव्हा अकराला घरी येऊन तो न्यायचा बेत. विसरायला नको म्हणून त्यांनी कॅमेरा जेवणाच्या टेबलावर अगदी मधोमध ठेवला आणि लहान मुलासारखे लवकर झोपले. कांचनताईंना काहीच सांगितलं नाही. इंजिनाबद्दल सांगितलं की त्या आल्याचा चहा काढतात, हा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी अकराला गद्रे घरात शिरले तर उदबत्तीचा वास. टेबल रिकामं. दिवाणखान्यात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर ओळीने सुरी, कात्री, शिवणयंत्राचा पाय, गद्र्यांची स्लाइड रूल, चौदा वर्षांच्या विनीताची कंपासपेटी आणि शाळेच्या बँडची क्लॅरिनेट, कोपऱ्यात टोस्टर. आणि या साऱ्यांच्या मधोमध, यजमानासारखा, कॅमेरा. अंगभर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, लेन्सवर अक्षता.

खंडेनवमी! गद्रे हे पार विसरले होते.

"कांचन, हे काय केलंस?"

कांचनताई हात पुसत बाहेर आल्या. चेहरा नुसता फुललेला. "कसा दिसतोय सांगा! अहो, एकोणीस वर्षं मी तुमच्या मागे लागून लागून एकेक हत्यार काढून घेते. यंदा तुम्ही आपणहून पुसून, लख्ख करून समोर ठेवलंत. सकाळी बघितलं आणि मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! पहिलं गंध त्यालाच लावलं."

 गद्र्यांनी सगळं सांगितलं. सहा नंबर, बारा ते तीन, पास. कांचनताईंचा चेहरा हळूहळू उतरला. पण त्या हलल्या नाहीत.

"पूजा झालेलं हत्यार आज चालवायचं नसतं."

"एक दिवस, कांचन! पाच मिनिटं!"

"दिगंबर टर्नरही पाच मिनिटंच म्हणाला होता."

हा दिगंबर गद्र्यांनी पाहिलेला नव्हता, पण लग्नापासून तो त्यांच्या घरात राहत होता. साताऱ्याला कांचनताईंच्या वडिलांचं, त्र्यंबकरावांचं, लेथचं वर्कशॉप होतं. एका खंडेनवमीला पूजा झाल्यावर दिगंबरने अर्जंट काम म्हणून लेथ चालू केला आणि बोटाचं पेर घालवून बसला. कांचनताई तेव्हा आठ वर्षांच्या. ते पेर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे हा नियम त्यांच्यासाठी पोथीतला नव्हता, दिगंबरच्या हातावरचा होता.

गद्रे शास्त्रज्ञ माणूस. त्यांनी शास्त्रीय मार्ग काढला. "हे बघ, आत्ता इथे अकरा वाजलेत. साताऱ्यात रात्रीचे साडेआठ. दुपारी अडीचला तिथे बारा वाजतील. म्हणजे नवमी संपली, दसरा लागला. अडीच ते तीन, अर्धा तास मला मिळतो."

"आपला दिवस बाराच्या ठोक्याला बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो."

"पण तू कॅलेंडर तर तिथलंच लावतेस!"

"तिथी तिथली, सूर्य इथला," कांचनताई म्हणाल्या.

"बरं, विनीताचा छोटा कॅमेरा दे."

"तोही ठेवलाय. टोस्टरच्या मागे आहे, दिसत नाही इतकंच."

गावातल्या ड्रगस्टोअरमध्ये स्वस्तातला कॅमेरा मिळायचा, पण कारखान्यापाठोपाठ त्यानेही ऑगस्टमध्ये मान टाकली होती. कॅमेरा असलेला दुसरा मराठी माणूस म्हणजे गिरीश, तो पिट्सबर्गला, जायला-यायला दोन तास, आणि आज कामावर. सरळ पाटावरून उचलून न्यावा कॅमेरा, बघू कोण अडवतं, असं एकदा गद्र्यांच्या मनात आलं. पाटाकडे पाऊलही पडलं. पण सकाळी बायकोला भरून आलं होतं हे त्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं न ऐकल्यासारखं करायची कला त्यांना साधलेली नव्हती. ते दार आपटून निघून गेले. दार आपटण्यात मात्र त्यांनी कसर ठेवली नाही.

बारा वाजता अकरा नंबर खोकत खोकत शेडमध्ये गेलं आणि सहा नंबरला ओढत उन्हात घेऊन आलं. चार वर्षांची धूळ, कबुतरांची घाण, एका बाजूची काच फुटलेली. पण ऑक्टोबरचं ऊन असं काही पडलं होतं की नारिंगी पट्टे पुन्हा पेटल्यासारखे दिसत होते. केबिनखाली पांढरा ठळक ६. इतकं सुंदर ऊन गद्र्यांनी तेरा इंजिनांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना ब्रह्मांड आठवलं.

स्टीव्ह आता निवृत्त झाला होता, पण आजच्या दिवसापुरता टोपी घालून आला होता. "कॅमेरा कुठाय?"

"सुटीवर आहे," गद्रे म्हणाले आणि जमेल तसं समजावून सांगितलं. स्टीव्ह हसेल असं त्यांना वाटलं होतं. अमेरिकेत हे सांगितलं की लोक हसतात, निदान ‘इंटरेस्टिंग’ म्हणतात.

स्टीव्ह हसला नाही. "माझी आई ईस्टरला टोपली घेऊन चर्चला जायची. पाद्र्याने पाणी शिंपडलं की टोपलीतल्या सॉसेजला घरी जाईपर्यंत हात लावायचा नाही. मी लावला एकदा. तिने मला अख्ख्या रस्त्यावरून फरफटत नेलं." त्याने टोपी सारखी केली. "नाहीच काढता येणार तुला फोटो, हेम."

ज्याच्याकडून दोन सहानुभूतीचे शब्द मिळावेत, तोही बायकोच्याच पक्षाचा निघाला. दोघं जण रुळाशेजारी लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि इंजिनाकडे बघत राहिले. भंगारवाल्याची दोन माणसं गॅसकटरचे सिलिंडर लावून ठेवत होती. एक वाजला, दोन वाजले. गद्रे डोळे बारीक करून प्रत्येक खिळा पाठ करायचा प्रयत्न करत होते आणि डावीकडचे पाठ होईतो उजवीकडचे विसरत होते.

अडीचच्या सुमाराला शेडमधला फोन वाजला. गेटवरचा वॉल्टर होता.

"मिस्टर गद्रे, इथे एक बाई आल्यात. त्यांच्या हातात स्टीलचं ताट आहे, ताटात तांदूळ आहेत आणि तांदळात कॅमेरा आहे. त्या म्हणतात, तुम्ही त्याला हात लावायचा नाही. मी काय करू?"

"पाठव, पाठव!"

कांचनताई आल्या. साडीवर कोट, पायात विनीताचे बूट, अंबाड्यावर वॉल्टरने बसवलेलं पिवळं हेल्मेट, आणि दोन्ही हातांत ताट. रूळ ओलांडताना त्या ताटाकडे बघत होत्या आणि स्टीव्ह त्यांच्या पायांकडे. ओंडक्यापाशी आल्यावर त्यांनी दम घेतला.

"जेवायला बसले, घास उतरेना," त्या म्हणाल्या. "मग आठवलं. खंडेनवमीला बाबांनी लेथला गंध लावलं की आई पुढे व्हायची आणि लेथचं चाक हाताने एक फेरा फिरवायची. दर वर्षी. मी विचारलं होतं तिला, तू कशी काय चालवतेस? म्हणाली, ज्याचं हत्यार त्याने आज हात लावायचा नाही. माझं थोडंच आहे ते!" त्यांनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "या कॅमेऱ्याला एकोणीस वर्षांत तुम्ही मला कधी बोट लावू दिलंय?"

"नाही," गद्रे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना या गोष्टीचा आनंद झाला.

"मग तो माझं हत्यार नाही. मी काढते फोटो. पण एकच. आईने कधी दुसरा फेरा फिरवला नाही."

छत्तीस फोटोंचा रोल, आणि त्यातला एकच! तरी नाहीपेक्षा एक बरा. गद्र्यांनी हात पाठीमागे बांधले, कारण हात आपोआप पुढे जात होते, आणि शिकवणी सुरू केली.

"डोळा लाव. आत उजवीकडे उजेड मोजणारा एक काटा दिसेल, तो वर्तुळात आण."

"मला तांदूळ दिसतोय."

"फुंकर मार! पुसू नकोस, हळद पसरेल. आता ती पुढची कडी फिरव, आकृती स्पष्ट होईपर्यंत. झालं? आता डावीकडे सरक. ऊन पाठीवर पाहिजे. नाक आणि एक बाजू, दोन्ही दिसली पाहिजेत. सगळी चाकं आली पाहिजेत. नंबर वाचता आला पाहिजे. आणि आसपास माणूस नको. स्टीव्ह, जरा बाजूला हो."

"माणसाने काय बिघडतं?"

"माणूस आला की लोक माणसाकडे बघतात, कांचन! इंजिन राहतं बाजूला."

"बरं बाई," कांचनताई म्हणाल्या आणि कॅमेरा डोळ्याला लावून एका डोळ्याने मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे पावलं टाकू लागल्या. बराच वेळ त्यांचं चाललं होतं. भंगारवाला घड्याळ बघत होता.

"हेम," स्टीव्ह हळूच म्हणाला, "एकदा हात तरी लाव. नंतर लावता येणार नाही."

गद्रे इंजिनापाशी गेले. कांचन अजून काटा शोधतेय, तोवर होईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी नंबराच्या खाली पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता. चांगला ऊबदार होता, आत हीटर लावल्यासारखा. आणि गद्र्यांना रडू आलं. उगाच डोळ्यांत काही गेलं वगैरे म्हणण्यात अर्थ नाही, पन्नाशीला टेकलेला माणूस दिवसाढवळ्या चार लोकांसमोर रडला. इंजिन जाणार, भट्टी गेली, गाव चाललं, आपणही चाललो. पुढच्या महिन्यात या जागी आपण एकोणीस वर्षं होतो, हे सांगायलासुद्धा काही उरणार नाही.

खट्.

गद्रे दचकून वळले. "काढलास? मी मध्ये नव्हतो ना?"

"झाला काढून," कांचनताई कॅमेरा परत तांदळात ठेवत म्हणाल्या.

"नंबर आला?"

"आला की."

"चाकं?"

"अहो, सगळं काही आलंय. चला, जेवला नाहीयेत तुम्ही. स्टीव्ह, यू ऑल्सो कम. आय हॅव मेड चटणी."

तीन वाजता निळी ज्योत पेटली तेव्हा तिघं जण गेटबाहेर पोचले होते. गद्र्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचा फोटो निघाला होता.

दसऱ्याला त्यांनी उरलेला रोल विनीतावर आणि बागेतल्या पानगळीवर संपवला आणि लॅबला पाठवला. स्लाइड आल्या त्या दिवाळीच्या आदल्या रविवारी, नेमके गिरीश आणि त्याची बायको वीणा निरोपाच्या जेवणाला आले असताना. गद्र्यांनी डबी उघडून बघितलीसुद्धा नाही. जेवणं झाल्यावर दुपारीच पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला आणि तेरा इंजिनं ओळीने दाखवली. प्रत्येकाचं साल, प्रत्येकाची अश्वशक्ती. सातव्याला गिरीशने जांभई दिली, दहाव्याला वीणाने त्याला कोपर मारलं.

"आणि आता," गद्रे उभे राहून म्हणाले, "सहा नंबर. १९४४. हजार अश्वशक्ती. जगात याचा हा एकमेव फोटो आहे." आणि त्यांनी बटण दाबलं.

भिंतीवर गद्रे आले.

मधोमध, कमरेपासून वर, हेल्मेट वाकडं, चष्मा कपाळाकडे सरकलेला. एक हात गंजलेल्या नारिंगी पत्र्यावर टेकलेला, आणि चेहरा असा, की जो त्यांनी आयुष्यात कुणाला दाखवला नव्हता. सगळं चित्र डावीकडे कललेलं. चाक एकही नाही. नाक नाही. नंबराच्या जागी गद्र्यांचं डोकं. एका कोपऱ्यात भलामोठा धूसर पांढरा ठिपका, तो बहुधा तांदूळ.

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"बाबा," विनीता हळूच म्हणाली, "यू आर क्रायिंग."

"पण यार," गिरीशने डोळे किलकिले केले, "यात सहा नंबर कुठाय?"

"तो काय मधोमध!" कांचनताई अंधारातून म्हणाल्या. "हेल्मेट घातलेला."

सगळे हसले. वीणा तर खोकेपर्यंत हसली. गद्रे हसले नाहीत. त्यांनी कांचनताईंकडे पाहिलं. म्हणजे काटा केव्हाच वर्तुळात आला होता. बाई थांबली होती, ती याच्यासाठी. त्यांच्या मनात एक सणसणीत वाक्य तयार झालं होतं, नियमांबद्दल, चाकांबद्दल, एकमेव फोटोबद्दल. ते सोडून त्यांनी पुन्हा भिंतीवरच्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस तिथे होता, एकोणीस वर्षं होता, आणि आता ते कुणालाही नाही म्हणता येणार नव्हतं.

"पुढची लावा की," गिरीश म्हणाला.

"पुढच्या बागेच्या आहेत. असू दे हीच."

पाहुणे गेल्यावर गद्र्यांनी ती स्लाइड गार होऊ दिली आणि खिशातलं पेन काढलं. पुठ्ठ्याच्या चौकटीवर त्यांनी आधी ‘नंबर ६, १९४४’ असं लिहिलं. मग जरा विचार केला, आणि त्याच ओळीत पुढे लिहिलं, ‘आणि हेमचंद्र गद्रे, १९६६’.